एका भाषेतला कोड दुसऱ्या भाषेतून कसा कॉल करायचा: पायथॉन आणि सीच्या उदाहरणाने, पायरीपायरीने

नमपाय ही पायथॉनची गणिती लायब्ररी वापरून दोन मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार करायचा तर पायथॉनची एक ओळ पुरते. पण तो गुणाकार पायथॉन करत नाही. नमपायचा गाभा सीमध्ये आहे. हे काम तो ब्लास नावाच्या गणिती रूटीन्सकडे सोपवतो, आणि ओपनब्लाससारखी त्यांची रूपं सी आणि असेंब्लीत लिहिलेली असतात. शेजारचं लॅपॅक तर मुळात फोर्ट्रानमधलं. एका ओळीमागे इतक्या भाषा राबत असतात आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

हेच स्वतःच्या कोडसाठी करायचं तर काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने पाहू. मुख्य उदाहरण पायथॉनमधून सी लायब्ररी कॉल करण्याचं घेतलंय, कारण ते नीट कळलं की बाकीच्या जोड्यांमध्ये फक्त तपशील बदलतात.

मुळात दोन भाषा एकमेकींशी थेट बोलतच नाहीत. पायथॉनला रस्ट कळत नाही आणि जावाला सी++ कळत नाही. दोन्ही बाजू सीच्या एबीआयवर येऊन भेटतात. एबीआय हा कंपाइल झालेल्या कोडमधला करार आहे: कोणतं आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली किंमत) कोणत्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेत) ठेवायचं, उत्तर कुठून उचलायचं, स्ट्रक्चरमधली फील्ड्स मेमरीत कशी मांडायची. एक्स८६ प्रोसेसरच्या ६४ बिट लिनक्सवर पहिली सहा पूर्णांक किंवा पॉइंटर (म्हणजे मेमरीतला पत्ता) आर्ग्युमेंट्स आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८ आणि आर९ या रजिस्टरांमधून जातात, तर दशांश संख्या एक्सएमएम रजिस्टरांमधून. विंडोजवर हाच करार वेगळा आहे. तिथे रजिस्टरमधून पहिली चारच आर्ग्युमेंट्स जातात.

या करारात टाइपची तपासणी कुठेच नाही. तुम्ही दशांश संख्या म्हणून पाठवलेली किंमत समोरच्याने पूर्णांक म्हणून वाचायला घेतली, तर तो वेगळंच रजिस्टर उघडेल, त्यात जे पडलंय ते उचलेल आणि पुढे जाईल. एररही येणार नाही. पुढच्या बहुतेक सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघतात. सीमेवर पहारेकरी नाही, म्हणून सीमा अरुंद ठेवायची आणि तिच्यावरून जाणारी प्रत्येक गोष्ट स्वतः घोषित करायची.

सुरुवात करण्याआधी: याची गरज आहे का?

बरेचदा नसते. दुसऱ्या भाषेतला प्रोग्रॅम दिवसातून चार वेळा चालवायचा असेल आणि प्रत्येक वेळी तो काही सेकंद घेणार असेल, तर सरळ वेगळी प्रोसेस म्हणून चालवा. पायथॉनच्या सबप्रोसेस मॉड्यूलने सुरू करायचा, इनपुट जेसन या मजकूर-स्वरूपात द्यायचं, उत्तर जेसनमध्ये घ्यायचं. तो कोसळला तर एकटा कोसळतो, तुमचा प्रोग्रॅम उभा राहतो. एकाच प्रोसेसमध्ये सी कोड ओढून आणला की त्यातली एक चूक दोघांनाही घेऊन बुडते.

त्याच प्रोसेसमधून कॉल करण्याला अर्थ आहे तो तीन परिस्थितींत: डेटा इतका मोठा आहे की त्याच्या प्रती करणं परवडत नाही, कॉल्स सेकंदाला हजारोंनी होणार आहेत, किंवा हवी ती लायब्ररी फक्त सीचाच इंटरफेस देते. वेग हे कारण असेल तर आधी पायथॉनचं वेळ मोजणारं साधन सीप्रोफाइल चालवून वेळ नेमका कुठे जातो ते पाहा. नमपायच्या दोन ओळींनी काम भागत असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

पायरी १: सी बाजूचं फंक्शन

उदाहरणाला चल सरासरी घेऊ. दशांश संख्यांची एक लांब मालिका दिली की ठरावीक रुंदीच्या खिडकीतल्या संख्यांची सरासरी काढत पुढे सरकायचं. फंक्शन पाच गोष्टी घेईल: इनपुट अ‍ॅरेचा पॉइंटर (डबल, म्हणजे ६४ बिटी दशांश टाइपचा, आणि कॉन्स्ट, कारण आपण त्यात लिहिणार नाही), त्याची लांबी, खिडकीची रुंदी, आउटपुट अ‍ॅरेचा पॉइंटर आणि आउटपुटची लांबी. परत देईल एक पूर्णांक: शून्य म्हणजे ठीक, ऋण संख्या म्हणजे चूक.

यातले काही निर्णय मुद्दाम घेतलेले आहेत. दोन्ही अ‍ॅरेंची मेमरी कॉल करणारा देतो, सी फंक्शन स्वतः काहीच वाटप करत नाही. उत्तर पॉइंटरमधून जातं आणि परतीची जागा एरर कोडसाठी मोकळी राहते. आउटपुटची लांबीही मागून घेतली आहे, कारण ती मागितली नाही तर छोट्या बफरच्या पलीकडे लिहिण्यापासून फंक्शनला थांबवणारं काहीच उरत नाही.

लांबीसाठी साधा लाँग वापरू नका. ६४ बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा असतो, ६४ बिट विंडोजवर ४ बाइटचा. स्टँडर्ड इंट हेडरमधले ठरावीक रुंदीचे टाइप घ्या, म्हणजे इंट६४ म्हटलं की सगळीकडे ६४ बिटच. फंक्शनच्या आत पहिल्याच ओळींत नल पॉइंटर, शून्य रुंदी आणि लांबीपेक्षा मोठी खिडकी तपासून परत फिरा. एक्झिट किंवा अबॉर्ट कधीही कॉल करू नका; लायब्ररीने यजमान प्रोग्रॅमचा जीव घेऊ नये.

पायरी २: शेअर्ड लायब्ररी तयार करणं

शेअर्ड लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला चालता चालता लोड करता येणारी फाइल. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरला ‘शेअर्ड’ हा पर्याय द्या आणि सोबत ‘एफपिक’ जोडा. एफपिकमुळे कोड मेमरीत कोणत्याही पत्त्यावर चढवता येतो. लिनक्सवर फाइलचं एक्स्टेन्शन एसओ असतं, मॅकवर डायलिब आणि विंडोजवर डीएलएल. ऑप्टिमायझेशनची दुसरी पातळी आणि सगळ्या वॉर्निंग्ज चालू ठेवा.

लगेच पायथॉनकडे धावू नका. आधी आपलं फंक्शन बाहेरून दिसतंय का ते पाहा. लिनक्सवर एनएम कमांड डी पर्यायासह चालवली की बाहेर उघडी असलेली नावं दिसतात; विंडोजवर डंपबिनच्या एक्सपोर्ट्स पर्यायाने. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर फंक्शन आपोआप बाहेर उघडत नाही, त्याला डीएलएल एक्सपोर्टची खूण लागते. लिनक्सवर याच्या उलट, स्टॅटिक नसलेलं सगळंच उघडं राहतं. यादीत नाव दिसलं नाही तर पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

पायरी ३: पायथॉनमध्ये लोड करणं आणि टाइप घोषित करणं

सी लायब्ररी कॉल करण्यासाठीचं सीटाइप्स मॉड्यूल २.५ आवृत्तीपासून पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. त्यातल्या सीडीएलएलला लायब्ररीचा पूर्ण पाथ द्या. नुसतं नाव दिलं तर ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या ठरलेल्या जागी शोधते आणि एखादी जुनी, भलतीच प्रत सापडू शकते. विंडोजवर आणखी एक मेख आहे: तुमची डीएलएल दुसऱ्या डीएलएलवर अवलंबून असेल, तर पायथॉन ३.८ पासून ती पाथ व्हेरिएबलमधल्या फोल्डरांत शोधली जात नाही. ओएस मॉड्यूलच्या अ‍ॅड डीएलएल डिरेक्टरी फंक्शनने तो फोल्डर स्वतः सांगावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. लायब्ररीतून मिळालेल्या प्रत्येक फंक्शनवर दोन गोष्टी लिहायच्या: आर्गटाइप्स, म्हणजे आर्ग्युमेंट्सच्या टाइपची यादी, आणि रेसटाइप, म्हणजे परतीचा टाइप. न लिहिताही फंक्शन कॉल होतं, आणि धोका तिथेच आहे.

सरावासाठी आपली लायब्ररी बाजूला ठेवा आणि सिस्टिमच्या गणिती लायब्ररीतलं कोसाइन फंक्शन कॉल करून पाहा. काहीही घोषित न करता पायथॉनची दशांश संख्या दिलीत, तर हा टाइप कसा रूपांतरित करायचा ते कळत नाही म्हणून सीटाइप्स एरर देतं. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. मग संख्या सी डबलमध्ये गुंडाळून द्या, पण रेसटाइप लिहू नका. एरर नाहीशी होईल आणि उत्तर म्हणून कसलातरी पूर्णांक येईल. कारण रेसटाइप नसला की सीटाइप्स परतीची किंमत सीचा इंट धरतं आणि खरं उत्तर ज्या दशांश रजिस्टरमध्ये आहे तिकडे बघतही नाही. रेसटाइप डबल लिहिला की शून्याचा कोसाइन १.० येतो.

पॉइंटर परत देणाऱ्या फंक्शनांत हाच विसर जास्त महाग पडतो. ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांच्या इंटमध्ये कोंबला की वरचा अर्धा भाग कापला जातो. पत्ता योगायोगाने लहान असला तर चालून जातं. नसला की सेगमेंटेशन फॉल्ट (परक्या मेमरीला हात लावल्यामुळे होणारा क्रॅश), तोही भलत्याच ओळीवर. म्हणून माझ्या मते नियम सरसकट ठेवावा: लायब्ररी लोड करणारं एकच छोटं मॉड्यूल असेल, प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स आणि रेसटाइप तिथेच लिहिलेले असतील, आणि बाकीच्या प्रोग्रॅममध्ये सीटाइप्स हा शब्दही दिसणार नाही.

पायरी ४: अ‍ॅरे पाठवणं

साध्या पायथॉन लिस्टमधून सीचा अ‍ॅरे बनवता येतो, पण त्यात प्रत्येक घटकाची प्रत होते. डेटा नमपायमध्ये असेल तर नमपायच्याच सीटाइप्सलिब विभागातलं एनडीपॉइंटर वापरा. आर्गटाइप्समध्ये ते लिहिलं की संख्यांचा टाइप, मिती आणि मांडणी प्रत्येक कॉलला तपासली जाते. चुकून ३२ बिटी दशांशांचा अ‍ॅरे आला तर कचरा उत्तराऐवजी स्पष्ट एरर मिळते.

मांडणीचा मुद्दा सहज निसटतो. नमपायमध्ये एक सोडून एक घटक घेणारा स्लाइस नवी मेमरी घेत नाही. तो मूळ अ‍ॅरेकडेच उड्या मारत पाहतो. सी फंक्शनला या उड्या माहीत नाहीत. ते पॉइंटरपासून सलग वाचत जातं आणि मधले घटकही मोजतं. पाठवण्याआधी अ‍ॅरे सलग करून घ्या. नमपायमध्ये त्यासाठी अ‍ॅस कंटिग्युअस अ‍ॅरे हे फंक्शन आहे. द्विमितीय अ‍ॅरे फोर्ट्रानकडे जाणार असेल तर आणखी जपून: सी ओळीमागून ओळ मांडते, फोर्ट्रान स्तंभामागून स्तंभ. लक्ष दिलं नाही तर मॅट्रिक्स गुपचूप आडवी-उभी बदलून पोचते.

शिवाय, दोन अ‍ॅरेंची बेरीज करून तिचा पॉइंटर त्याच ओळीत काढून ठेवू नका. बेरजेचा अ‍ॅरे कुठल्याही नावाला बांधलेला नसतो, ओळ संपताच पायथॉन तो मोकळा करतो, आणि तुमच्या हातातला पॉइंटर मेलेल्या मेमरीकडे बोट दाखवत राहतो.

पायरी ५: स्ट्रिंग आणि स्ट्रक्चर

सीची स्ट्रिंग म्हणजे बाइट्सची रांग आणि शेवटी शून्य. पायथॉनची स्ट्रिंग म्हणजे युनिकोड अक्षरचिन्हांचा क्रम. मध्ये एन्कोडिंग येतंच. ‘नमस्कार’ या शब्दाची लांबी पायथॉन ७ सांगेल, कारण हलन्त आणि काना धरून त्यात सात चिन्हं आहेत. तोच शब्द यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून सीच्या लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनला दिला तर उत्तर येईल २१, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. सी बाजूला बफर मोजताना पायथॉनची लांबी वापरली की मराठी मजकूर पहिल्याच दिवशी फुटतो, इंग्रजी मजकूर मात्र वर्षभर बिनबोभाट चालतो.

सी फंक्शन स्ट्रिंगमध्ये लिहिणार असेल तर त्याला पायथॉनचे बाइट्स देऊ नका. बाइट्स न बदलणारे असतात असं पायथॉन गृहीत धरतो, आणि सीला ते माहीत नसतं. क्रिएट स्ट्रिंग बफरने वेगळा बफर बनवून तो द्या.

स्ट्रक्चरमध्ये अडचण आहे ती पॅडिंगची, म्हणजे फील्ड्सच्या मध्ये सोडलेल्या रिकाम्या बाइट्सची. कॅर (१ बाइट), डबल (८ बाइट), कॅर या क्रमाने तीन फील्ड्स लिहिली तर १० बाइट होतील असं वाटतं. नेहमीच्या ६४ बिट सिस्टिमवर होतात २४, कारण डबल आठाच्या पटीतल्या पत्त्यावर बसवला जातो. डबल आधी आणि दोन्ही कॅर नंतर लिहिले तर १६. पायथॉन बाजूला क्रम आणि टाइप हुबेहूब तेच लिहा. आणि लायब्ररीत एक छोटं फंक्शन ठेवा, जे त्या स्ट्रक्चरचा सी बाजूचा आकार परत देतं. टेस्टमध्ये तो सीटाइप्सच्या साइझऑफशी ताडून पाहा. हेडरमध्ये कुणी एक फील्ड वाढवलं की ही टेस्ट लगेच ओरडते.

जमलं तर स्ट्रक्चर सीमेपलीकडे उघडूच नका. एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी हेच करते: ओपन केलं की एक पॉइंटर मिळतो, पुढच्या प्रत्येक कॉलला तोच द्यायचा, शेवटी क्लोज. त्या पॉइंटरमागे काय आहे ते बाहेरच्याला ठाऊक नसतं आणि गरजही नसते. आतली रचना दहा वेळा बदलली तरी पायथॉनची एक ओळ हलत नाही.

पायरी ६: मेमरी कुणाची?

प्रत्येक पॉइंटरबाबत एक प्रश्न हेडरच्या कॉमेंटमध्येच लिहून सोडवा: ही मेमरी कोण मोकळी करणार? सुरक्षित उत्तर एकच आहे: ज्याने घेतली त्याने. सी लायब्ररीने मॅलॉकने (सीच्या मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घेतलेली मेमरी त्याच लायब्ररीतल्या फंक्शनने मोकळी करावी, म्हणून असं एक फंक्शन सोबत द्यावंच लागतं. विंडोजवर दोन डीएलएलकडे सीच्या रनटाइमच्या वेगवेगळ्या प्रती असू शकतात आणि प्रत्येकीचा हीप, म्हणजे मेमरी वाटपाचा साठा, निराळा. एकीची मेमरी दुसरीच्या फ्रीला (मेमरी मोकळी करणाऱ्या फंक्शनला) दिली की हीपची मोडतोड होते.

सीटाइप्समधला एक सापळा इथेच येतो. फंक्शन नवी स्ट्रिंग परत देत असेल आणि रेसटाइप सी कॅर पी लिहिला, तर सीटाइप्स सोयीसाठी लगेच बाइट्समध्ये प्रत करून देतं. मूळ पॉइंटर हरवतो, मोकळं करायला हातात काही उरत नाही, प्रत्येक कॉलला थोडी मेमरी गळत राहते. अशा वेळी रेसटाइप सी व्हॉइड पी ठेवा, पत्त्यावरून मजकूर स्वतः वाचा आणि मग लायब्ररीचं मोकळं करणारं फंक्शन कॉल करा.

पायरी ७: कॉलबॅक, एरर, थ्रेड

सी फंक्शनने उलट कॉल करावं म्हणून त्याला पायथॉनचं फंक्शन (कॉलबॅक) द्यायचं असेल तर ते सीफंकटाइपने गुंडाळा. ही गुंडाळी एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. सी लायब्ररीने तो पॉइंटर जपून ठेवला आणि पायथॉनने गुंडाळी कचरा म्हणून टाकून दिली, तर पुढचा कॉलबॅक रिकाम्या जागी उडी मारतो. कॉलबॅकमध्ये एक्सेप्शन आलं तर ते सी ओलांडून वर येत नाही. स्क्रीनवर छापलं जातं आणि सी कोड काही घडलंच नाही असा पुढे जातो. त्यामुळे एक्सेप्शन कॉलबॅकच्या आतच पकडा, साठवून ठेवा आणि मूळ कॉल परतल्यावर पुन्हा उभं करा.

एरर कोडचं एक्सेप्शनमध्ये रूपांतर त्या लोड करणाऱ्या मॉड्यूलमध्येच करून टाका. कोड तपासायचं काम वापरणाऱ्यावर सोडलं तर ते कुणी करत नाही.

थ्रेडबाबत एवढंच लक्षात असू द्या की सीडीएलएलने केलेला कॉल चालू असताना पायथॉनचा जागतिक लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन कोड चालवू देणारा) सोडला जातो. वेगासाठी हे उत्तम, पण म्हणूनच दोन थ्रेड तुमच्या सी फंक्शनमध्ये खरोखर एकाच वेळी असू शकतात. आत स्टॅटिक व्हेरिएबल असेल तर ते काढा.

वेगाचा हिशोबही सोपा आहे. सीमा ओलांडण्याचा खर्च दर कॉलला पडतो आणि सीटाइप्समध्ये तो बऱ्यापैकी असतो. दहा लाख संख्यांसाठी दहा लाख कॉल केलेत तर शुद्ध पायथॉनही पुढे निघून जाईल. अख्खा अ‍ॅरे एकदाच पाठवा आणि लूप सीमध्ये ठेवा.

सीच्या जागी दुसरी भाषा असेल तर

सी++ कंपायलर फंक्शनच्या नावात टाइपही गुंफतो. दोन इंट घेणारं ‘अ‍ॅड’ हे फंक्शन जीसीसीच्या यादीत ‘_झेड३अ‍ॅडआयआय’ अशा रूपात दिसतं. एक्सटर्न सी लिहिलं की नाव साधं राहतं. त्या फंक्शनच्या आत सगळी एक्सेप्शन्स पकडून एरर कोड परत द्या, एकही बाहेर पडू देऊ नका.

रस्टमध्ये क्रेटचा (पॅकेजचा) प्रकार सीडायलिब ठेवा, फंक्शनवर एक्सटर्न सी आणि नो मँगल लिहा, स्ट्रक्चरवर रेप्र सी. २०२४ च्या एडिशनमध्ये नो मँगल हे अनसेफच्या आत लिहावं लागतं. अशा फंक्शनमधून पॅनिक (रस्टमधली न सावरता येणारी चूक) बाहेर पडू लागला तर रस्ट १.८१ पासून प्रोसेस थेट बंद केली जाते, त्यामुळे पॅनिकही आतच अडवा.

हे सगळं हाताने कधीपर्यंत करायचं? चार-सहा फंक्शनं असेपर्यंत सीटाइप्स झकास. हेडर मोठं आणि सारखं बदलणारं असेल तर सीएफएफआय घ्या. ते सीच्या घोषणा जवळपास जशाच्या तशा वाचतं. सी++ असेल तर पायबाइंड११, रस्ट असेल तर पायओ३ आणि त्यासोबत मॅच्युरिन. रस्टबाबत तर मी सीटाइप्सच्या वाटेला जाणारच नाही. पायओ३ स्ट्रिंग, एरर आणि मालकीचा बराचसा भार स्वतः उचलतं.

कॉल करणारी भाषा बदलली तरी प्रश्न तेच राहतात. जावामध्ये वर्षानुवर्षं जेएनआय होतं, त्यासाठी मधला सी कोड हाताने लिहावा लागे. मार्च २०२४ मधल्या जावा २२ मध्ये परकीय फंक्शन आणि मेमरीचा नवा एपीआय कायम झाला. आता फंक्शनचा टाइप जावातच घोषित करता येतो आणि मेमरी किती काळ जिवंत ठेवायची ते अरीना ठरवते. गोमध्ये सीगो आहे. तिथे गोचा पॉइंटर कॉल संपल्यावरही सी बाजूला साठवून ठेवायला बंदी आहे, नोंदवून ‘पिन’ केलेला नसेल तर.

कोसळलं तर

पायथॉन त्यातलं फॉल्टहँडलर मॉड्यूल चालू करून सुरू करा. क्रॅशच्या क्षणी पायथॉन कोणत्या ओळीवर होता ते कळेल. सी बाजू जीडीबी या डीबगरमध्ये पाहायची असेल तर लायब्ररी डीबग माहितीसह कंपाइल करा आणि जीडीबीला पायथॉनचा इंटरप्रिटरच चालवायला द्या. क्रॅश कधी होतो कधी नाही, असं असेल तर बफरबाहेर लिहिलं जातंय असं समजा आणि मेमरीच्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावा. पायथॉन स्वतः त्याच्यासह कंपाइल झालेला नसतो, म्हणून लिनक्सवर सॅनिटायझरची लायब्ररी प्रीलोड करावी लागते.

लोड होतानाच अडलं तर कारणं मोजकी असतात. विंडोजवरची १९३ क्रमांकाची एरर म्हणजे बहुधा ३२ बिट डीएलएल ६४ बिट पायथॉनमध्ये घातली आहे. सिम्बॉल सापडत नाही असं म्हटलं तर पायरी २ मधली यादी पुन्हा पाहा, सी++ असेल तर एक्सटर्न सी राहिलंय. फाइल समोर असूनही सापडत नाही असं म्हटलं, तर ती ज्या लायब्ररींवर अवलंबून आहे त्यांपैकी एखादी नाही. लिनक्सवर एलडीडी आणि मॅकवर ओटूल तिचं नाव सांगतं. आणि तुमच्या मशीनवर चालणारी लायब्ररी जुन्या लिनक्सवर जीलिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) आवृत्तीवरून अडली, तर ती जुन्या सिस्टिमवरच कंपाइल करायला हवी. पायथॉनच्या जगात त्यासाठी मेनीलिनक्सच्या तयार कंटेनर इमेजेस आहेत, आणि सीआयबिल्डव्हील त्या वापरून लिनक्सची व्हील्स (पायथॉनची तयार पॅकेजेस) बांधून देतं.